मित्रासाठी बोटीवर

 अमरावती शहरात गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे वकिली करत. जन्म 1854 चा, वकिलीची पदवी 1884 ची. 1897 मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच.

पण त्यांचं खरं मोठेपण दिसलं 1908 साली. त्यांचे मित्र लोकमान्य टिळक यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ब्रह्मदेशात मंडालेला धाडलं गेलं. दादासाहेबांनी ऐन भरातली वकिली बाजूला ठेवली आणि विलायतेची बोट धरली. मित्राच्या सुटकेसाठी प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत धडपड केली. यश आलं नाही. तरी लंडनमध्ये सुमारे दोन वर्षं ते नेटानं राहिले. अशी मैत्री विरळाच!

पुढे कायदेमंडळातही ते बसले.

दिवस कसाही जावो, रोजनिशी मात्र ते लिहीत. 1911-12 मधल्या शिर्डीच्या मुक्कामातली त्यांची पानं आजही भाविक वाचतात.