इंजिन ऑइल आणि आप्तवचन

मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे आणि ते कोणाकडून बदलून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा आणि सोयीचा वाटतो. परंतु जळगाव किंवा धुळ्यातील गाडीमालक ज्या रीतीने त्याचे उत्तर शोधतो ती रीत तपासली, तर तो मुळात ज्ञानशास्त्राचा, म्हणजे एखादी गोष्ट खरोखर कळली असे कशाच्या बळावर म्हणावे याचा, प्रश्न असल्याचे दिसते. यथार्थ ज्ञानाच्या साधनाला भारतीय दर्शनांनी ‘प्रमाण’ म्हटले. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष ठेवले, तर वैशेषिकांनी आणि दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्धांनी शब्दाला स्वतंत्र स्थान न देता त्याचा अनुमानात समावेश केला. या वादाला खानदेश परका नाही. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि जी. आर. मलकानी यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे त्या संस्थेचे नाव देशभर झाले. संस्थेचा कल अद्वैत वेदान्ताकडे होता. गाडीच्या तेलाच्या बाबतीत मात्र अद्वैतापेक्षा न्यायशास्त्र अधिक उपयोगी पडते.

प्रत्यक्ष प्रमाण येथे फार दूर नेत नाही. बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पातळ पट्टी, बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून वर ओढली, की तिच्या टोकाकडील दोन खुणांच्या मध्ये तेल कोठवर आले आहे एवढे कळते. ते तेल डब्यावर लिहिलेलेच आहे की रिकाम्या डब्यात पुन्हा भरलेले, फिल्टर नवा बसवला की जुनाच पुसून ठेवला, यांपैकी काहीही ती पट्टी सांगत नाही. चिमटीत तेल चोळून त्याची पारख सांगणारे जाणकार असतात, पण चिमटीला कळतो तो त्या क्षणीचा दाटपणा; शंभर अंशांना तेच तेल कसे वागेल हे बोटांना समजणे शक्य नसते. केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्या चार्वाकमतवादी मालकाला ऑइल बदलताना दर वेळी गाडीखाली झोपावे लागेल, आणि तसे झोपूनही डब्यात काय आहे याविषयी अखेर डब्यावरच्या अक्षरांवरच विश्वास ठेवावा लागेल.

अनुमानाची स्थिती थोडी बरी, पण फसवी आहे. अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू (दिसणारी खूण) आणि साध्य (तिच्यावरून सिद्ध करायची गोष्ट) यांच्या अपवादरहित साहचर्यावर, उभे असते. धूर आहे तेथे अग्नी आहे ही व्याप्ती टिकते, अग्नी आहे तेथे धूर आहे ही टिकत नाही, कारण धुरासाठी ओले इंधन लागते आणि अशा लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या अनुमानात हाच दोष आहे. डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच प्रवासात काळे पडते, कारण ज्वलनातून आलेली काजळी धातूवर बसू न देता तरंगत ठेवणारी रसायने त्यात मुद्दाम घातलेली असतात. तेव्हा काळेपणा हा पुष्कळदा तेल आपले काम करत असल्याचा पुरावा ठरतो. साध्य असताना आणि नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला ‘अनैकान्तिक’ हेत्वाभास, म्हणजे दोन्हीकडे डळमळणारे कारण, असे म्हणतात.

खानदेशात दुसरे अनुमान उन्हाचे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून येथे जाड ऑइलच हवे, असे अनेक जुने चालक सांगतात. परंतु इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅट कूलंटचे तापमान ९० अंशांच्या आसपास राखतो आणि तेलही साधारण शंभराच्या घरात काम करते, त्यामुळे बाहेरच्या उन्हाने पडणारा फरक वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. उलट इंजिनाची मोठी झीज सकाळी गाडी चालू करताना होते आणि तेव्हा चटकन वर पोहोचणारे पातळ तेल हितकारक ठरते. काही उत्पादक बाहेरच्या तापमानानुसार जाड तेलाची मुभा देतात, म्हणून ही समजूत निराधार म्हणता येत नाही. चूक आहे ती तिला सर्व गाड्यांसाठी नियम करण्यात. केळीच्या आणि कपाशीच्या शिवारांतून जाणाऱ्या रस्त्यांवरची धूळ हे मात्र तेल आणि एअर फिल्टर लवकर बदलण्याचे खरे कारण आहे.

उपमान, म्हणजे साम्यावरून होणारे ज्ञान, येथे फारसे कामी येत नाही. उरतो तो शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे सांगणे. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ या संकेतातील पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते ते, आणि दुसरा शंभर अंशांना ते किती दाट राहते ते सांगतो. ‘एपीआय’ या अमेरिकी मानकात ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांचे आणि ‘सी’ने सुरू होणारे डिझेलचे असतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक निकषांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ हा गाळक सर्रास आला. त्याला कमी राख सोडणारे तेल लागते, अन्यथा तो हळूहळू तुंबतो. हे ज्ञान ना डोळ्यांनी मिळते ना तर्काने. ते मिळते गाडीबरोबर आलेल्या हस्तपुस्तिकेतून. पण असा शब्द प्रमाण का मानावा? मीमांसकांच्या मते शब्दातील दोष वक्त्यामुळे येतो, आणि वेदाला वक्ताच नाही, तो अपौरुषेय आहे, म्हणून तो निर्दोष आहे. नैयायिकांनी याच्या उलट भूमिका घेतली: शब्द प्रमाण ठरतो तो वक्त्याच्या गुणामुळे. हस्तपुस्तिकेतील ग्रेड मानावी ती कंपनीच्या नावाचा दरारा आहे म्हणून नव्हे, तर ज्यांनी ते इंजिन रचले आणि चाचणीत झिजवून पाहिले त्यांचे ते सांगणे आहे म्हणून.

लोकांची गल्लत होते ती यापुढच्या पायरीवर. ग्रेडविषयीचा हस्तपुस्तिकेचा अधिकार ते नकळत सर्व्हिस सेंटरच्या पाटीकडे सोपवतात, जणू कोणते तेल हे सांगणारा आणि ते प्रत्यक्ष ओतणारा एकच आहे. ओतणारा तर गणवेशातला पगारी तंत्रज्ञ असतो किंवा गॅरेजमधला फिटर असतो, आणि दोघांच्याही बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: हा ‘आप्त’ आहे काय? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाची, तीन लक्षणे दिली आहेत: विषयाचे साक्षात ज्ञान, ऐकणाऱ्याविषयी करुणा, आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. त्याने असेही स्पष्ट केले की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. एका प्राचीन ग्रंथकाराकडून ही कबुली येणे लहान गोष्ट नाही. सर्व्हिस सेंटरकडे पहिले लक्षण यंत्रसामग्रीमुळे बळकट असते, पण जेथे तंत्रज्ञाच्या किंवा सल्लागाराच्या कमाईत जादा विक्रीचा वाटा असतो तेथे दुसरे आणि तिसरे लक्षण ताणले जाते आणि इंजिन फ्लशसारखी न मागितलेली कामे बिलावर चढतात. गॅरेजमध्ये करुणा ओळखीतून येते, परंतु नव्या इंजिनांचे ज्ञान अपुरे असू शकते. जळगावच्या सराफ बाजारातही गिऱ्हाईक दुकानाच्या शब्दावर जाते, मात्र सोन्याला कसोटी आणि हॉलमार्क असतो. इंजिनात गेलेल्या तेलाला कोणी शिक्का मारत नाही.

वॉरंटीच्या भीतीने अनेकजण हा विचार करतच नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनाही उपलब्ध करून द्यावीत आणि केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे सांगितले. त्या निर्णयावर अपिले झाली, आणि वॉरंटीच्या काळात शहाणा मालक सर्व्हिस सेंटरच गाठतो. पण येथे प्रमाण आणि भय यांची सरमिसळ होते हे आयोगाने नेमके हेरले.

आप्तावर विसंबण्याचा एक दाखला खानदेशातच आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ती आज वाचणारा प्रत्येकजण गुरुजींच्या आप्तत्वावरच विसंबून असतो. त्यांत विनोबांनी ‘विकर्म’ म्हणजे निषिद्ध कर्म हा शांकरभाष्यातील अर्थ बाजूला ठेवून, बाह्य कर्माला जोडलेले मनाचे अवधान, असा अर्थ लावला. जुने तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू देणे, चेंबरच्या नटाचा वॉशर बदलणे, नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने ताजे तेल लावून मगच तो आवळणे, या गोष्टी बिलावर येत नाहीत आणि मालकाला दिसतही नाहीत. फिटरचे विकर्म असते ते तेथे.

मग न दिसणाऱ्या कामावर विश्वास कसा ठेवावा? न्यायसूत्रांत वेदाचे प्रामाण्य मंत्र आणि आयुर्वेद यांच्या दाखल्याने सिद्ध केले आहे: ज्याचे सांगणे पडताळता येणाऱ्या भागात खरे ठरते, त्याचे पडताळता न येणाऱ्या भागातील सांगणेही स्वीकारावे. वेदाच्या बाबतीत हा युक्तिवाद कितपत टिकतो यावर शतकानुशतके वाद झाले, पण गॅरेजच्या बाबतीत तो चोख आहे. ग्रेड हस्तपुस्तिकेतूनच घ्यावी, सीलबंद डबा समोर उघडायला सांगावा, काढलेला फिल्टर पाहायला मागावा, बिलावर ग्रेड आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. आणि वॉरंटी संपल्यावर, ज्या फिटरने एकदा तरी ‘भाऊ, ब्रेक पॅड अजून चालतील, आत्ता बदलू नका’ असे सांगून स्वतःचा धंदा सोडला असेल, त्याच्याच हाती गाडी द्यावी.