शिखर कोणाच्या जिवावर?

माणसाने आपल्या आनंदासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालावा की घालू नये, हा प्रश्न जुना आहे आणि मला तो कधी फारसा अवघड वाटला नाही. ज्याचा जीव त्याचा निर्णय. घरच्यांना विचारून त्याने तो घ्यावा, एवढे म्हटले की बरेचसे भागते. अवघड प्रश्न आहे तो याच्या पोटातला. माझ्या आनंदासाठी दुसऱ्याने आपला जीव धोक्यात घालावा आणि त्याबद्दल मी त्याला पैसे मोजावेत, हे कोणत्या न्यायाने बरोबर ठरते? गेले चार महिने या प्रश्नाशी माझी हुज्जत चालली आहे. निमित्त आहे नेपाळातले मेरा शिखर.

येत्या वैशाखात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मी माझ्या भाच्याबरोबर तिथे जायचे योजिले आहे. मेराची उंची ६४७६ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर; म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई अशी चळत रचत गेले तर जवळजवळ चार लागतील. नेपाळात परवाने देताना या शिखराला ‘ट्रेकिंग पीक’ म्हणतात. हे नाव भारी फसवे आहे. तो परवान्याचा प्रकार झाला, वाटेचा नव्हे. लुक्ला सोडले की झत्रवा ला ही खिंड ओलांडून हिंकू खोऱ्यात उतरायचे, कोठे, थांगनाक, खारे अशी एकेक वस्ती गाठायची. तिथपर्यंत पायांचे काम. पुढे मेरा ला खिंडीपासून हिमनदी लागते. तिच्या भेगांवर कोवळ्या बर्फाचे झाकण असते, म्हणून सगळ्यांनी एका दोराला बांधून घेऊन चालायचे. हवेचा दाब माथ्यावर समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी. तीन हजार मीटरच्या वर एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक उंचीवर झोपायला जाऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. तो पाळायचा तर अठरा-एकोणीस दिवस हवेत. माझ्या वहीत हे सारे नीट मांडलेले आहे. बूट, दोर, बुटांना बांधायचे लोखंडी काटे, औषधे, सारे.

त्याच वहीत एक पान माणसांचे आहे. एक वाटाड्या शेर्पा, त्याचा एक साहाय्यक, तीन भारवाहक. दोघांच्या हौसेपायी पाच माणसे. आणि त्या दोराला सर्वांत पुढे कोण असणार? वाटाड्या. म्हणजे बर्फाचे झाकण फुटायचेच असेल, तर ते बहुधा आधी त्याच्या पायाखाली फुटणार. माझ्या मनातली हुज्जत त्या पानावर सुरू झाली.

या व्यवहाराचा इतिहासही मेराशीच येऊन भिडतो, ही गंमत मला योजना आखतानाच कळली. १९५३ साली ब्रिटिश सैन्यातले जिमी रॉबर्ट्स एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी प्राणवायूची नळकांडी पोचवायला आले होते. ते काम उरकून २० मे रोजी, म्हणजे एव्हरेस्ट सर होण्याच्या नऊ दिवस आधी, सेन तेन्झिंग या शेर्पाबरोबर ते मेराच्या मधल्या माथ्यावर पोचले. उत्तरेकडचा किंचित उंच माथा १९७५ पर्यंत कोराच राहिला. याच रॉबर्ट्सनी १९६४ साली काठमांडूला पाहुण्यांना डोंगरात हिंडवून आणणारी पहिली पेढी काढली. दोघे माथ्यावर गेले तेव्हा कोणी कोणाला नेले हे सांगणे कठीण होते. पेढी निघाली आणि नेणारा व नेला जाणारा असे दोन पक्ष पडले.

यावर ठरलेले उत्तर आहे : ‘त्यांच्या पोटाची सोय होते ना!’ ते खोटे नाही. त्या खोऱ्यांतून शाळा आल्या, घरांवर पत्रे आले, ते याच पैशातून पुष्कळसे. पण हे उत्तर मला अपुरे वाटते. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्यालाही पोट असतेच. म्हणून त्याला उतरवणे न्याय्य ठरत नाही, आणि २०१३ पासून कायद्यानेही ते ठरत नाही. शिवाय गटार तुंबलेले तरी असते. माझे शिखर कुठे तुंबले आहे?

डोलीत बसून देव गाठणाऱ्याचे पुण्य भोयाला मिळते की यात्रेकरूला, असे आमच्या आजीला लहानपणी विचारले होते. ती म्हणाली, ‘ज्याला धाप लागली त्याला.’ तेवढ्यावर सोडून देता आले असते तर किती बरे झाले असते!

भारवाहकांविषयी तर आपला आणखी एक गोड गैरसमज असतो, की ही माणसे डोंगरातलीच, त्यांना उंची बाधत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण खालच्या टेकड्यांतले राई, तामांग शेतकरी असतात. त्यांचेही डोके आपल्यासारखेच ठणकते, छातीत पाणी होते. १९९७ साली खुंबू भागात एक विशीतला भारवाहक उंचीने आजारी पडला. त्याला एकट्यालाच खाली धाडले आणि तो मेला. त्यानंतर भारवाहकांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ उभे राहिले. नेपाळात एकाच्या पाठीवर ३० किलोंहून अधिक ओझे नको, त्याला ऊबदार कपडे आणि निवारा हवा, आजाऱ्याला एकटे खाली पाठवू नये, असे ते सांगते. हे सांगावे लागते, यातच सारे आले.

ही कलमे मी वहीत उतरून घेतली आणि मला बरे वाटू लागले. तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘अहो, ओझं किलोत मोजलंत ते ठीक. पण नको म्हणायची सोय आहे का त्याला?’

मला वाटते, प्रश्नाची खरी नस तीच आहे. मजुरीने मी श्रम विकत घेतो. धोका मला विकत घेता येत नाही. तो फक्त समोरचा आपखुशीने पत्करू शकतो, आणि आपखुशी म्हणजे कोणत्याही पावलाला ‘आता पुरे’ म्हणण्याची मोकळीक. ती त्या वाटाड्याला कितपत असते? या धंद्यात माथा गाठला की वाटाड्याला ठराविक जादा रक्कम देण्याचा रिवाज आहे. वरवर किती उमदी रीत! पण तिचा अर्थ असा, की पहाटे वारा चढला आणि ‘चला मागे’ म्हणावेसे वाटले, तर त्या दोन शब्दांसाठी त्याला स्वतःच्या मुलाबाळांचे पैसे मोजावे लागतात. माझ्या डोळ्यांतली हाव त्याला दिसत असते ती वेगळीच.

म्हणून मी ठरवले : माथा मिळो न मिळो, ही रक्कम पुरी द्यायची.

भाचा इंजिनियर आहे, त्याला हे पटेना. ‘मामा, मग पहिल्या ढगालाच तो तुम्हांला परत फिरवील. फुकट मिळणाऱ्या पैशासाठी कोण झिजेल?’ मी म्हटले, डॉक्टरची फी रोगी बरा होण्यावर ठेवलीस तर तो अवघड रोग्याला हातच लावणार नाही, की भलतेच औषध देईल? तो म्हणाला, डॉक्टरला नावाची चाड असते. शेर्पाला नसते का? इथे तो गप्प झाला; पण त्याच्या शंकेत काही तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्याच ढगाला परत फिरण्याची शक्यता मला मनापासून मान्य आहे का, हे मी रोज पहाटे टेकडी चढताना स्वतःला विचारतो. उत्तर रोज निराळे येते. या वयात दुसऱ्यांदा जाणे होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

व्यवस्था करणाऱ्या काठमांडूच्या गृहस्थांना मी हे कळवले. त्यांचे उत्तर मोठे सौजन्याचे आले. विमे उतरवू, ओझी तोलून देऊ, रक्कमही आपल्या इच्छेप्रमाणे पोचवू. मात्र ती कोणत्याही परिस्थितीत मिळणार आहे हे वाटाड्याला आधी सांगू नये, खाली आल्यावर द्यावी, त्याला आनंद होईल.

आनंद होईल, यात शंका नाही. पण पहाटेच्या वाऱ्यात त्या दोन शब्दांची किंमत त्याला मोजावीच लागणार, कारण पैसे सुटलेले नाहीत हे त्याला ठाऊकच नसणार. मग ते दान होईल, आणि मला दान करायचे नाही. मी उलट टपाली लिहिले आहे, की लुक्ल्याला ओझी तोलताना, पाचांच्याही समक्ष, ही गोष्ट मी स्वतः सांगेन. आणि भारवाहकांतला कोणी खारेपुढे यायचे नाही म्हणाला तर त्याचीही पुरी मजुरी तिथेच चुकती होईल. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. भाच्याने मात्र काल बुटांचे माप मागवून घेतले.