बारक्या पापलेटचा वाटा



ऑगस्टमध्ये होड्यांना आशीर्वाद देऊन परतताना एका मच्छीमार भावाने आम्हांला विचारले, "फादर, खोल्यात बारकं पापलेट आलं तर पाप लागतं काय?" आजूबाजूचे हसले. आम्हीही हसलो; पण प्रश्न मनातून गेला नाही.

शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडण्यास मनाई केली. ही लांबी वीतभरसुद्धा नाही. पिल्लेच मारली तर पुढे जाळ्यात काय येणार, हे कोळ्याला कोणी शिकवायला नको. पण डोल हे एका जागी बांधलेले जाळे. भरती-ओहोटीचे पाणी आणील ते त्यात शिरते. खोला होडीवर घेईपर्यंत पिल्ले बहुधा मेलेली असतात. शुभवर्तमानातील दाखल्यात जाळे काठावर ओढून मग मासे निवडतात (मत्तय १३:४७-४८). इथे निवड जाळे पाण्यात जाण्याआधीच करावी लागते: आस किती, जागा कोणती, महिना कोणता.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. पक्ष्याचे घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत, आईला सोडून द्यावे. भुकेल्याला देव अडवत नाही. झरा आटवू नको, एवढेच सांगतो. आपण तर पिल्लेही उचलतो आणि गाभोळीची मादीही.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की जीव जाण्याची वेळ आली असता दुसऱ्याचे घेतले तरी ती चोरी होत नाही. डिझेलची उधारी ही तशी निकड आहे का? 'नाही' म्हणणे आम्हांला सोपे आहे. आमचे ताट समुद्रावर अवलंबून नाही. शिवाय जो मोठ्या आसाचे जाळे लावील त्याचे नुकसान आजच होते, आणि त्याने वाचवलेले पापलेट उद्या शेजाऱ्याच्या किंवा पर्ससीनवाल्याच्या जाळ्यात जाते. हा भार एकट्याच्या सद्गुणावर टाकणे अन्यायाचे आहे. १ जून ते ३१ जुलैची बंदी निभावते ती सगळ्या होड्या एकदम किनाऱ्याला लागतात म्हणून.

२०२४ मध्ये वाढवण बंदराला मंजुरी देणारे सरकार कोळ्याच्या माशाचे मिलिमीटर मोजते, तेव्हा त्याला राग येतो. तो राग आम्हांला रास्त वाटतो. पण त्याने पिल्ले मारणे रास्त ठरत नाही. आणि बाजारात स्वस्त पडतो म्हणून बारक्या पापलेटचा वाटा पिशवीत टाकणारे आपणही यात आहोतच.

त्या भावाला आमचे उत्तर असे: नकळत जाळ्यात आले त्यात पाप नाही. येणार हे ठाऊक असून तेच जाळे त्याच जागी लावले तर दोष आहे, पण तो तुझ्या एकट्याचा नाही. येत्या रविवारी दुसरी मिस्सा झाल्यावर डोलवाले बांधव सभागृहात बसणार आहेत. मासे विकणाऱ्या भगिनींनीही जरूर यावे. बारका वाटा कोण मागतो, ते त्यांनाच ठाऊक आहे.