लिहिलेलं आणि साचलेलं

यंत्राचं वर्णन नीट लिहून ठेवलं की यंत्र कधीही पुन्हा उभं करता येतं, या कल्पनेच्या मी बराच काळ प्रेमात होतो. निक्सओएस ही लिनक्स प्रणाली याच कल्पनेवर उभी आहे. मुळाशी एल्को डोल्स्ट्रा यांचा उत्रेख्त विद्यापीठातला २००६ सालचा प्रबंध. इथे 'आधी हे करा, मग ते' असं सांगायचं नसतं. काय असायला हवं तेवढं फाईलीत लिहायचं: हा वापरकर्ता, हा डेटाबेस, हा पत्ता. एक कमांड दिली की तसं आभासी यंत्र तयार.

माझ्या घरच्या संगणकावर अशी दोन यंत्रं एका ब्रिजला जोडलेली होती. एकात वेबपान, दुसऱ्यात डेटाबेस. बाबा चार महिने आमच्याकडे राहायला होते, तेव्हा गावच्या विहिरी, बांधांची भांडणं, भाऊबंदकी असं आठवेल ते रोज दुपारी त्यात टाईप करत.

एकदा मी फाईलीत पासवर्ड बदलला, तरी यंत्र जुनाच मागत राहिलं. कारण सरळ होतं. सुरुवातीचा पासवर्ड वापरकर्ता तयार होतानाच लागू होतो, आणि यंत्राची डिस्क वेगळ्या फाईलीत मागे उरते. उपाय सगळे सांगतात तोच: ती फाईल उडवा. मी उडवली.

यंत्र मिनिटभरात परत उभं राहिलं. तेच नाव, तोच पत्ता. शेजारच्या यंत्राने पिंग केलं, याने ओ दिली. त्याच्या लेखी कुणी गेलंच नव्हतं. फक्त बाबांचे चार महिने नव्हते. (बॅकअपचं विचारू नका. तोही फाईलीत लिहायचा राहिला होता.)

मग हे तेच यंत्र का? वर्णनाशी ताडून पाहिलं तर हो. आमच्या धंद्यात म्हणतात, सर्व्हर गुरांसारखे वागवावेत, लळा लावू नये; एक गेलं की दुसरं. ही उपमा काढणाऱ्याने पोळा पाहिलेला नसावा. आमचा सर्जा गेल्यावर दुसरा बैल आणला, पण त्याला सर्जा कुणी म्हटलं नाही.

निक्सओएसलाही हे थोडंफार ठाऊक आहे. फाईलीत 'स्टेटव्हर्जन' नावाची ओळ असते: यंत्र पहिल्यांदा कोणत्या आवृत्तीवर बसवलं त्याची नोंद. पुढे प्रणाली कितीही अद्ययावत करा, ती ओळ सहसा बदलायची नसते, कारण आतला साठा जुन्या रचनेत असू शकतो. तेव्हा दोष भाषेवर ढकलता येत नाही. काय टिकायला हवं ते मीच लिहायचं होतं. मी पोर्ट लिहिला, पत्ता लिहिला, आणि बाबांचं लिखाण 'डेटा' म्हणून सोडून दिलं.

रविवारी बाबांचा फोन आला. "मशीन चालू आहे ना रे?"

"आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. फोन ठेवला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावला.