वीतभर अंतरावरचं जग

पहिलं बाळ येणार म्हटलं की त्याच्या खोलीचा विषय निघतो. दोन खोल्यांच्या घरात तो कोपऱ्यावर येऊन थांबतो. मग दुकानातला ढगांचा वॉलपेपर, जुळणारे पडदे, भिंतीवर चिकटवायचे हत्ती-जिराफ, आणि एवढ्याशा कोपऱ्याला महिन्याचा पगार. तो परवडला नाही की आईबापांना वाटतं, लेकराला काहीतरी कमी पडतंय. हे वाटणं मला अस्वस्थ करतं.

नवजात बाळाला बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं ते साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं, वीत-सव्वा वीत अंतरावरचं. पाजताना आईचा चेहरा असतो तिथपर्यंतच. पलीकडची भिंत धूसर. फिका गुलाबी, फिका निळा सुरुवातीला त्याला वेगळा कळतही नाही. काळ्या-पांढऱ्याची ठळक कड मात्र त्याची नजर धरून ठेवते. वॉलपेपर आपल्यासाठी आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी असतो.

म्हणून मला आपलं चिमणाळं फार शहाणं वाटतं. उरलेल्या खणांच्या, चिंध्यांच्या चिमण्या शिवायच्या, आत कापूस भरायचा आणि पाळण्यावर टांगायच्या. त्यातल्या दोन-चार काळ्या-पांढऱ्या कापडाच्या केल्या की झालं. खर्च सुईदोऱ्याचा. बाळ हात लांबवून त्या पकडायला लागलं की चिमणाळं उतरवून ठेवायचं, कारण दोरी गळ्यात अडकू शकते.

दुपट्यांसाठीही नवं कापड लागत नाही. आजीची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी यापेक्षा चांगलं काय असणार? पण आजीची मोहरीची उशी मात्र, तिच्या मायेचा पूर्ण मान राखून, बाजूला ठेवावी. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर निजवावं. जवळ उशी, लोड, मऊ खेळणी नकोत, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. सुदैवाने हा सल्ला पाळायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

काटकसरीत खरी काळजी घ्यायची ती माळ्यावरून काढलेल्या जुन्या पाळण्याची. त्याचे गज चावायला बाळ फार दिवस लावत नाही, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाळणा बहुधा त्याच्या कितीतरी आधीचा असतो. पोपडे निघत असतील तर घरात कोरडं घासू नये, ती धूळच घातक. दोन गजांमधली फटही मोजून घ्यावी, सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. शंका असेल तर पणजोबांचा असला तरी पाळणा राहू द्यावा.

आणि एवढं करून हातात थोडे पैसे उरले, तर ते एका चांगल्या खुर्चीवर घालावेत. त्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त बसणार आहे ती आई: सुरुवातीला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायला, त्यातही काही वेळा मध्यरात्री. पाठ टेकेल, कोपरांना आधार मिळेल, पाय जमिनीला पुरतील अशी खुर्ची, आणि हाताशी पाण्याचा तांब्या. पडद्यांचं नंतर बघता येईल.