याईरच्या मुलीच्या खोलीत



याईरच्या मुलीचा प्रसंग संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. आपले लक्ष चमत्काराकडे जाते, पण मला त्यातल्या दोन लहान गोष्टी सोडत नाहीत. रडारड करणाऱ्या गर्दीला प्रभू बाहेर काढतो. आईवडील आणि पेत्र, याकोब, योहान यांनाच आत नेतो. आणि मुलगी उठून चालू लागल्यावर तिला काहीतरी खायला द्यायला सांगतो. ते तिघे शिष्य आत कशासाठी होते? मला वाटते, आजारी लेकराजवळ कसे वागावे हे शिकण्यासाठी.

आपल्या धर्मग्रामातील एका पाच वर्षांच्या मुलाला मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार चालू आहेत. आपल्याकडे बरेच जण त्याला ‘शेक’ म्हणतात. तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा, डोके टेबलाला जखडलेले, आणि खोलीत तो एकटा. आईलासुद्धा आत थांबता येत नाही. किंचित हालले तरी किरण चुकीच्या जागी पडतात, आणि वाढत्या मेंदूला, हाडांना त्याचे परिणाम जन्मभर भोगावे लागतात. पहिल्या दिवशी हा मुलगा इतका किंचाळला, की रोज भूल द्यावी लागेल असे ठरले. रोज भूल म्हणजे रोज उपाशीपोटी जाणे, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे.

मग तिथल्या एका प्रशिक्षित ताईने त्याच्या अस्वलाला मुखवटा घातला. दुसऱ्या दिवशी त्याने तो स्वतः हातात घेतला. ‘आई काचेपलीकडे कॅमेऱ्यात तुला पाहते, माईकवर गोष्ट सांगते,’ असे तिने समजावले. चौथ्या दिवशी तो भुलीशिवाय निजला. यंत्र तेच होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘व्यक्ती’ या शब्दावर आम्ही महिनोन् महिने वाद घातले. त्या ताईने तो बहुधा वाचलेला नसावा.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. २०३० पर्यंत निदान ६० टक्के वाचावीत, असे ध्येय जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. यंत्रे विकत आणता येतात, तीही फार महाग. पण डॉक्टर, किरणांचा हिशेब करणारे भौतिकतज्ज्ञ, तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका यांनी लहान मुलांसाठी एकत्र शिकावे लागते. लेकरू म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. दोन दिवस मूल आले नाही, तर घरी फोन करून कारण विचारणे हेही त्या शिक्षणातच येते. पुष्कळदा कारण गाडीभाड्याचे असते.

बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी किरणोपचार तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करावी. आपल्याकडे सगळे नर्सिंगकडे वळतात, ते चांगलेच. पण हाही मार्ग आहे.

त्या मुलाचे अजून अकरा दिवस उरले आहेत. वडिलांची रजा संपली, आई एकटीच नेते. गुरुवारी व शुक्रवारी सोबत जाऊ शकणाऱ्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर मला भेटावे. पहाटेची लोकल आहे. डबा अवश्य न्यावा, आता तो खाऊन जातो.

आपला,
धर्मगुरू