रंग नेमका कशाचा?

ऑटोकॅडमध्ये घर आखणारा माणूस कापलेल्या भिंतीची रेषा लाल ठेवतो, तेव्हा भिंत लाल रंगवायची हे त्याच्या मनातही नसतं. तिथे रंगांना क्रमांक असतात, 1 ते 255. एक म्हणजे लाल, दोन पिवळा, तीन हिरवा. पेन-प्लॉटरच्या काळात हा क्रमांक ठरवायचा की कोणतं पेन उचलायचं. पुढे त्याच क्रमांकावर रेषेची जाडी बेतली गेली. रंग ही ड्रॉइंग वाचणाऱ्याला केलेली खूण होती. तेच मॉडेल रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं की मात्र लाल म्हणजे लालच. त्यावर उजेड पडतो आणि शेजारच्या पांढऱ्या छतावर गुलाबी झाक चढते.

या वाटेवर मटेरियल हरवतं याचा दोष बहुतेक जण फाइलच्या प्रकारांना देतात, आणि तो अगदीच खोटा नाही. 1987 सालच्या एसटीएलमध्ये मुळात त्रिकोणांशिवाय काही नाही. ओबीजे फाइल शेजारच्या एमटीएल फाइलचं फक्त नाव सांगते. ती पाठवायची राहिली की सगळं घर करडं. पण 2017 मध्ये आलेल्या जीएलटीएफ 2.0 ने मूळ रंग, धातूपणा आणि खडबडीतपणा यांची सर्वांना कळेल अशी मांडणी दिली. वाट बरीच रुंद झाली, तरी ऑफिसांतली तक्रार तीच आहे. माझ्या मते, जे हरवलं म्हणून आपण शोधतो ते बऱ्याचदा फाइलमध्ये कोणी भरलेलंच नसतं.

यात प्रश्न दोन आहेत: हा भाग कशाचा आहे, आणि तो दिसतो कसा. पहिल्याचं उत्तर ड्रॉइंग करणाऱ्याकडे असतं, दुसऱ्याचं रेंडर करणाऱ्याकडे. आपण दुसरं उत्तर पलीकडे न्यायला धडपडतो आणि पहिलं वाटेत सांडतो.

कोकणातलं एखादं घर घ्या. भिंती चिऱ्याच्या, छपरावर मंगलोरी कौलं. दोन्ही तांबूस, म्हणून मॉडेल करणारा दोघांना एकच सुंदर विटकरी रंग देतो. थ्रीडीएस मॅक्समध्ये ते रंगानुसार आयात केलं, की भिंत आणि छप्पर मिळून एकच वस्तू होते. चिरा भोकाभोकांचा, जागोजागी गडद. कौल भट्टीतून निघालेलं, साच्यातल्या खाचांचं. आता ते वेगळे करायचे तर एकेक पृष्ठभाग निवडत बसा. म्हणून कॅडमध्ये मला भडक, विजोड रंगच बरे वाटतात. भिंत जांभळी आणि कौलं हिरवी असतील तर त्यांची गल्लत होत नाही, आणि हाच अंतिम रंग असं कुणाला वाटतही नाही.

त्याहून भरवशाचं म्हणजे नाव. लेयरचं किंवा मटेरियलचं नाव 'बाहेरची भिंत, उघडा चिरा' असं असेल तर कीशॉटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नावाशी तयार मटेरियल जोडून ठेवता येतं. खरी कसोटी पुढे लागते. क्लायंट खिडकी दोन फूट सरकवतो, भिंत नव्याने कापली जाते, जुने पृष्ठभाग जातात, नवे येतात. पृष्ठभागावर हाताने चिकटवलेलं मटेरियल त्यांच्याबरोबर गळून पडतं. नावावर बांधलेलं टिकतं.

आणि ही नावं देणं आपल्याकडे सर्वांत कनिष्ठ मुलामुलींचं काम समजलं जातं. सगळं शून्य लेयरवर टाकून वेळ वाचवला म्हणून त्यांचं कौतुकही होतं. भिंत आतून गिलाव्याची आणि बाहेरून उघडी, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. तिला ते लिहून ठेवायला जागा आणि अर्धा दिवस कुणी देत नाही. मग दुसऱ्या शहरातला रेंडरवाला रात्री जागून अंदाज बांधतो, आणि क्लायंट त्याच अंदाजावर घर पसंत करतो. लेयरची यादी करायला मॉडेल सुरू होण्याआधी या दोघांना एकत्र बसवावं, आणि त्या बैठकीचा वेळ कामाच्या बिलात धरावा.